अण्णांनी पाहिलेला देश

सोलापूर, फेब्रुवारी १९७४

अण्णा,

नमस्कार लिहायला हात धजत नाही, म्हणून तसंच सुरू करते.

परवा वाचनालयात तुमचं भाषण ऐकलं. शेवटच्या ओळीत पुष्पाला घेऊन बसले होते. सबंध देश हिंडून आलेला आपला मामा तिला बघायचा होता. तुम्ही पडद्यावर चित्रं दाखवलीत. नागा लोकांनी घरात झोपायला जागा दिली, वरंगळच्या विणकरानं आपल्या ताटातलं जेवू घातलं, असं सांगितलंत. "माणूस ओळखायचा तर त्याच्या चुलीपाशी बसावं," म्हणालात. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

माझे यजमानही तेलुगू विणकरच. त्यांच्याशी लग्न केलं म्हणून तुम्ही मला मेलेली ठरवलंत. तुमच्या बाळीवेशीतून आमच्या साखर पेठेत चालत येता येतं, पण आमच्या चुलीपाशी तुम्ही कधी आला नाहीत. आई गेल्याचंसुद्धा मला तुमच्या भांडीवालीकडून कळलं, तेही दहावा झाल्यावर.

भाषण संपलं तशी पुष्पा पळत तुमच्यापाशी गेली. तुम्ही हसून तिच्या डोक्यावर हात ठेवलात. "कुठली गं तू?"

"साखर पेठेतली. दाक्षायणीची मुलगी."

तुम्ही हात काढून घेतलात आणि हार घेऊन उभ्या असलेल्या वाचनालयाच्या सेक्रेटरींकडे वळलात.

हे पत्र मी टाकणार नाही. टाकलं तर 'एका विणकराच्या बायकोचं पत्र' म्हणून पुढच्या गावी भाषणात वाचून दाखवाल.

घरी येताना पुष्पानं विचारलं, "मामांना मी कोण ते कळलंच न्हाय का?"

"कळलं की," मी म्हणाले. "म्हणून तर हात काढला."

तुमची बहीण होते ती,
दाक्षायणी