एका कागदावर एकच रेघ

१२ जुलै २०१०, सोमवार. लातूर

आज लातुरात आले आणि आजच कामावर रुजूही झाले. शिकवण्यांच्या गल्लीत खोली मिळाली आहे. एक खिडकी, एक ओटा, खाली झेरॉक्सचं दुकान. अक्षरा गेलं वर्ष होस्टेलवर होती. आता बारावी, म्हणून मी सोबत राहायला आले. डब्यातली भाकरी पाहून तिने आधी नुसता वास घेतला, आणि मग खिडकीतून मैत्रिणीला ओरडून सांगितलं की आजपासून मेसच्या पाणचट डाळीला तलाक. तिचा आवाज असाच आहे, गल्लीच्या टोकाला ऐकू जाणारा.

काम तिच्याच क्लासच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. एका वेधशाळेचे भूकंपाचे जुने कागद, एका दिवसाचा एक, संगणकात घातलेले आहेत, त्यांवर खुणा करायच्या. तिथली मुख्य सालेहा म्हणून आहे, पस्तिशीची, इथलीच. मी शाळा चौथीपर्यंतच शिकले, पुढचं सगळं भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये हाती येईल ते वाचून, हे मी आधीच सांगून टाकलं. ती म्हणाली की मावशी, डिग्रीवाले तिघं आठ दिवसांत पळाले, त्यांना एका जागी बसवतच न्हाई. तुम्ही गहू निवडायला बसल्यासारखं बसा, बस.

१४ जुलै, बुधवार

काम जमायला लागलं. पडद्यावर एकाखाली एक तीन पट्ट्या असतात. वरची पट्टी जमीन वरखाली किती हलली ते दाखवते, मधली उत्तर-दक्षिण, खालची पूर्व-पश्चिम. प्रत्येकीत बारीक काळी रेघ धावते, आणि तिन्हींना छेदून एक उभी लाल रेघ. ती माऊसने धरायची, ओढत न्यायची आणि हादरा जिथं सुरू होतो तिथं सोडायची. खाली वेळ उमटते. एका पट्टीत धरली तरी तिन्हींत सोबत सरकते, कारण वेळ तिघींची एकच.

मी विचारलं, एका कागदावर दोन हादरे असले तर? सालेहा म्हणाली की एका कागदावर एकच रेघ. मोठा दिसेल तिथं ठेवा, दुसरा सोडून द्या. हा प्रोग्राम तिच्या भावाने, यासेरने केला आहे. तो हैदराबादला असतो. दुसरी रेघ करून दे म्हटलं की तो ईदपर्यंत देतो म्हणतो, कोणत्या ईदपर्यंत ते सांगत न्हाई.

खूप दिवसांनी हसले.

२ ऑगस्ट, सोमवार

शंभरावा कागद झाला. सालेहाने खारी बिस्किटं आणली. अक्षरा चाचणीत तिच्या तुकडीत चौथी आली. जिन्यातूनच ओरडत आली, खालच्या झेरॉक्सवाल्यालाही तिचे गुण कळले. तिला डॉक्टर व्हायचंय. मी झोपताना लिंगपूजा करते तेव्हा आता तेवढंच मागते.

२३ ऑगस्ट, सोमवार

आज १९९३ चा गठ्ठा निघाला. मी कुठली आहे हे सालेहाला माहीत आहे. तो मी करते, तुम्ही दुसरा घ्या, असं ती दोनदा म्हणाली. मी नको म्हटलं. सतरा वर्षं झाली. माझे मालक, गुरुबसप्पा, त्यात गेले. अक्षरा तीन महिन्यांची होती, तिला ढिगाऱ्यातून जिवंत काढलं. मी पाणी प्यायला अंगणातल्या रांजणाशी उठले होते म्हणून वाचले. कागदाला काय भ्यायचं?

तीस सप्टेंबरचा कागद उघडला. तीन छप्पन्नला तिन्ही पट्ट्या काळ्याठिक्कर. मी लाल रेघ ओढत नेली आणि तिथं ठेवली. 

२५ ऑगस्ट, बुधवार

त्या कागदावर आज खाली चौथी पट्टी होती. तिला नाव नव्हतं. पहाटेनंतर बराच वेळ सपाट, मग सात वाजल्यापासून बारीक ठोके. तीन, थांबून तीन, थांबून तीन.

सालेहाला बोलावलं. तिला तीनच पट्ट्या दिसल्या. माझ्यादेखत तिने यासेरला फोन लावला. तो म्हणाला की प्रोग्रामात तिनापुरतीच जागा हाय, चौथी काढायची म्हटली तरी निघत न्हाई. सालेहा म्हणाली की चष्म्याचा नंबर तपासून घ्या मावशी, मी येते सोबत.

चष्मा नवाच आहे.

२७ ऑगस्ट, शुक्रवार

जे कोणाला सांगितलं नाही ते इथं लिहिते.

त्या सकाळी शेजारच्या गावची टोळी पहारी घेऊन मदतीला आली. टोळी एक, आणि गाव सगळं पडलेलं. त्यांनी ठरवलं की जिथं आत जीव असल्याचा आवाज येईल तिथं काठीला लाल चिंधी बांधून रोवायची. एका घराला एकच काठी. तिथं खणायचं, मग पुढची गल्ली.

आमच्या घरात सात वाजता आवाज आला तो मालकांचा. ते बाहेरच्या खोलीत निजले होते. माळवदाच्या मातीखालून पितळी तांब्या दगडावर आपटत होते. तीन, थांबून तीन. मी काठी तिथं रोवली. टोळी दुसऱ्या घरी गुंतली होती. साडेनऊला आतल्या खोलीच्या बाजूने पोर रडलं.

मी काठी उपटली आणि तिथं रोवली.

टोळी आली. त्यांनी विचारलं, बाई, आणखी कुठं आवाज हाय का? मी न्हाई म्हणाले. हो म्हटलं असतं तर ते दोन्हीकडे वाटले गेले असते आणि पोर गेलं असतं, असं मला तेव्हा वाटलं. अक्षरा दुपारी निघाली. टोळी पुढं गेली. मी एकटी हातांनी माती उपसत राहिले. ठोके सव्वाचारला थांबले.

तिसऱ्या दिवशी ते सापडले, बसलेले. आमच्यात गेलेल्या माणसाला बसवून मातीत ठेवतात. लोक म्हणाले, पुण्यवान, देवानंच बसवलं. ते ठोकायला बसले होते. हातात तांब्या होता. मग सगळ्यांसोबत त्यांनाही जाळलं. माती मिळाली नाही.

६ सप्टेंबर, सोमवार

चौथ्या पट्टीत आता साडेनऊला दातेरी गुंता दिसतो. तो काय आहे ते मी ओळखते.

शनिवारी तीन छप्पन्नला ठेवून गेलेली लाल रेघ आज सातवर होती. आणि अक्षरा आज सकाळी उठली ती आवाज नसलेली. ओठ हलतात, आवाज नाही. डॉक्टर म्हणाले घसा साफ आहे, अभ्यासाचा ताण.

८ सप्टेंबर, बुधवार

घड्याळ बघून केलं. अकरा वाजून वीस मिनिटांनी रेघ सातवरून साडेनऊला ओढली. पाच मिनिटांनी खालच्या वर्गातून अक्षराचा आवाज वर आला. वर्गात नुसते ओठ हलवता हलवता अकरा वीसला तिला एकदम वाचा फुटली म्हणे. मैत्रिणी हसल्या, मौनव्रत सुटलं म्हणाल्या.



९ सप्टेंबर, गुरुवार

रेघ रात्रीत परत सातवर. अक्षरा परत मुकी. ओढली, बोलू लागली. सालेहाला सांगून तो कागद पुसायला लावला. तिने पुसला. पुढचा उघडला तर त्यावर तीच चौथी पट्टी.

२० सप्टेंबर, सोमवार

दोन दिवस कामावर गेले नाही. अक्षराला घेऊन भूकंपानंतर वसवलेल्या आमच्या नव्या गावी गेले, म्हटलं दूर गेलं की सुटेल. पहिल्या दिवशी आवाज गेला. दुसऱ्या दिवशी तिचा श्वास पुरेना, ओठ निळे. वहीत तिने लिहिलं — आई, छातीवर माती पडल्यासारखं होतंय.

मातीखालचं ते तिला कधीच सांगितलेलं नाही.

परतलो. जिना चढून आधी रेघ ओढली.

२७ सप्टेंबर, सोमवार

रेघ आता दिवसाही सरकते. सोडली की डावीकडे, सातकडे, हळूहळू. धरून ठेवली की थांबते. दिवसभर धरते. सालेहाला वाटतं मी काम करतेय. रात्री इथंच निजते म्हटलं तर तिने काही न विचारता सतरंजी आणून दिली. आज म्हणाली, मावशी, तुम्ही कोणाशी तरी बोला ना. काय बोलू?

ठोके आता टेबलात लागतात. मनगटाला. तीन, थांबून तीन.

मी एकदा म्हणाले त्यांना, मोठ्याने. पोर तुमचंही आहे. ठोके थांबले. मग जोरात.

२९ सप्टेंबर, बुधवार

डावा हात माऊसवर. उजव्याने लिहिते. बोटं सुजली. रेघ जड झाली आहे, ओल्या मातीसारखी.

उद्या तीस. वारही तोच, गुरुवार. सव्वाचारपर्यंत धरली तर — तेव्हा सव्वाचारला ते थांबले होते. एवढीच आशा.

३० सप्टेंबर, गुरुवार

तीन वाजले. सालेहा घरी गेली. मी एकटी. रेघ साडेनऊवर आहे. अक्षरा चारला डबा घेऊन येणार.

साडेतीन. फरशी हलते. पट्टीत नवं काही नाही, तेच ठोके, साडेनऊला तोच गुंता.

चार. खाली क्लास सुटला. तिचा आवाज ऐकला — जिन्यात — आई म्हणाली — चढून येते आहे —

चार दहा. अजून आली नाही. तीन मजल्यांना दहा मिनिटं?

हात बधिर. आहे की सुटला ते कळत —

दार वाजलं. तीनदा.

अक्षरा दार वाजवत नाही. ती हाक मारते. आवाज असला तर हाक मारते. नसला तर — दार वाजवील —

उघडायला उठले तर रेघ सुटेल.

परत. तीन.

लिहिताना वहीकडेच बघत होते. आता पडद्याकडे बघितलं. रेघ सातवर आहे. केव्हाची — साडेनऊचं रडणं पुसलेलं, जागा सपाट — पूर्ण सपा