ट्रॅममधली पुढची जागा

मुलुंड, शनिवार, १६ जानेवारी १९५४

उद्याची मुंबई रद्द. महिनाभर शालूने घर डोक्यावर घेतलं होतं. राणीची बाग नंतर, आधी दुमजली ट्रॅम, आणि तीही वरच्या मजल्यावर अगदी पुढची जागा. तिथून लोकांच्या घरातलं दिसतं का? वळताना ट्रॅम कलंडत कशी नाही? ह्यांनी हसत कबूल केलं होतं, पुढचीच जागा धरू.

आणि आज सकाळी पोरीने न्हाणीघरातून घाबरून हाक मारली. शहाणी झाली. अकरावं संपायचंय अजून! मी तिला पोटाशी धरलं, सगळं समजावलं. इथवर ठीक. पण लगेच उठून सासूबाईंना सांगायला का गेले? कोणी विचारलं होतं? आम्हा दोघींतच राहिलं असतं, तर उद्या ती वर, पुढे बसली असती. पण सवय. तोंडातून निघून गेलं.

"आता चार दिवस कोपऱ्यात. गर्दीत कुठे शिवाशीव करत फिरणार?" सासूबाई म्हणाल्या. हे पेपरात डोकं घालून बसले.

शालू कांबळ्यावरून म्हणाली, "पण आई, कंडक्टरला कसं कळेल गं?"

खरंच, कसं कळलं असतं? पण मी खेकसले, "गप्प बस. फार प्रश्न विचारतेस."

संध्याकाळी लांबूनच ताट सरकवलं. म्हटलं, "पुढच्या महिन्यात नक्की जाऊ हं. पुढचीच जागा धरू." तिने मान हलवली. कधी, कसं, कुठून, काहीच विचारलं नाही.