जुन्या दातातली नवी लस

प्रिय धाकट्या,

'प्रिय' लिहिताना पेन अडलं. तरी लिहिलं, कारण आई शेजारी बसून विचारतेय, कुणाला लिहितोस रे. ती बरी आहे. शेळ्याही बऱ्या आहेत, तू टोचलेली लस त्यांना मानवली. त्या लसीबद्दलच लिहायचं आहे.

त्या सकाळी एका शेळीने लाथ झाडली, सिरिंज फुटली आणि तुझी बाही भिजली. माझी सुट्टी होती, मी शेण काढत होतो. तू मात्र तसाच आपल्या प्रयोगशाळेत कामावर गेलास, तेही जुन्या हाडांच्या खोलीत. जिवंत जनावराला हात लागला की त्या दिवशी त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, हा तिथला पहिला नियम. हाडांचा संग्रह माझ्या ताब्यात, म्हणून मी तो सारखा बजावायचो आणि तू हसायचास, "दादा, तुझं सोवळं देवघरात ठेव."

मग तू जाहीर केलंस की हजारो वर्षांपूर्वीच्या शेळीच्या दातात गाभ पाडणाऱ्या रोगाचा जंतू सापडला. माणसाने शेळ्या पाळून एकत्र कोंडल्या, तेव्हापासूनचा हा रोग. केवढं कौतुक झालं तुझं! पण दुसऱ्या प्रयोगशाळेने दात पुन्हा तपासला. जुना डीएनए झिजलेला, तुकड्यातुकड्यांचा असतो. तुझा जंतू धडधाकट निघाला, आणि हुबेहूब तुझ्या बाहीवर सांडलेल्या लसीतला; त्या लसीत याच रोगाचा जिवंत जंतू असतो.

चूक कुणाचीही होते. तेवढ्यावर मी तुझ्या पाठीशी उभा राहिलो असतो. पण तू बोट दाखवलंस दातांची पूड करणाऱ्या पोरीकडे. ती रडत मला म्हणाली, "सर, मला तर शेळीची भीतीच वाटते, मी कशाला हात लावू?" तिला घरी बसवलं, आणि तुझा मला फोन: "तिने हातमोजे घातले नव्हते एवढंच सांग. तुझ्या शब्दावर सगळ्यांचा विश्वास आहे." म्हणजे खोटं खपवायला तुला माझा खरेपणा हवा होता! वर आईलाही पुढे केलंस. ती म्हणते, लहान आहे रे, सांभाळून घे. चाळिशी आली या लहानाची.

आज देवापुढे हात जोडले आणि थेट संचालकांकडे गेलो. गोठ्यातली सकाळ जशीच्या तशी सांगितली. पोरगी सोमवारपासून कामावर येतेय. तुला उद्या बोलावणं येईल. माझ्यामुळे आलं हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये, म्हणून हे पत्र. आईला भेटायला ये, तुझ्यासाठी दार उघडं आहे. मी त्या वेळी घरात नसेन.

आईपुरता तुझाच,
दादा