शनिवारची शांतता

कोल्हापूर,
६ जानेवारी २०२५

ती. अण्णांस,
सा. न. वि. वि. जय जिनेंद्र.

फोनवर मी घसा फोडून ओरडते, तुम्ही भलत्याच प्रश्नाचं उत्तर देता आणि शेजारच्या शालूबाईंना आपल्या घरातलं सगळं कळतं. व्हॉट्सॲपवर तुम्ही नुसता अंगठा दाखवता. म्हणून हे पत्र. याला अंगठा चालणार नाही.

बातमी अशी, की मी गप्प बसायच्या शिकवणीला जाते. वहिनींना हसू देऊ नका. राजारामपुरीत प्रियदर्शनी नावाची मुलगी दर शनिवारी ध्यानचित्र शिकवते. तळहाताएवढा जाड कागद आणि काळं पेन. चौकोन आखायचा आणि त्यात बारीक रेघा भरत जायच्या, एकीला लागून दुसरी. खोडरबर नाही, रेघ वाकडी गेली तर पुढचीनं तिला सांभाळून घ्यायचं. आणि दीड तास कुणी चकार शब्द काढायचा नाही. पहिल्या दिवशी वाटलं, पोटात शब्द साठून मी दवाखान्यात जाणार. समोरच्या बाईंच्या साडीवरच माझी तीन वाक्यं तयार होती. तिसऱ्या शनिवारी ध्यानात आलं, ती वाक्यं न बोलताही जग चाललंय. आमच्या ह्यांनी तर विचारलं, वर्ग रोज नसतो का म्हणून.

शांततेत इतकं सुख असतं हे पन्नाशी उलटेपर्यंत मला कुणी सांगितलं नव्हतं, अण्णा. तुम्हाला तर ती घरबसल्या मिळालीय. तुमचा वृषभ सांगत होता, तुम्ही दुकान त्याच्यावर सोडून मागच्या खोलीत दार लावून बसता. बसताच आहात तर रेघा तरी ओढा. सोबत कागद आणि पेन पाठवतेय.

लोभ आहेच. कमी करायला मी कारणं देत असते, ती मनावर घेऊ नयेत.

तुमची,
चंदना

*

कुरुंदवाड,
१४ जानेवारी २०२५

चि. सौ. चंदनास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं, कागद पोचले. वृषभला म्हटलं, आत्याचं पार्सल फळीवर ठेव.

तुझी शांतता शनिवारची, दीड तासाची. जिना उतरलीस की रिक्षावाल्याशी भांडायला कान आणि तोंड जागच्या जागी हायत. माझं तसं न्हाय. दुकानात गिऱ्हाईक तोंड हलवायचं, मी हसायचो. वृषभ मध्ये पडून सांगायचा, मग गिऱ्हाईक त्याच्याशीच बोलायचं आणि मी खताच्या पोत्यांबरोबर उभा. दिवाळीनंतर एकदा बस्तीत गाभाऱ्यापुढं पूजा आटोपून मंडळी बोलत बसली होती. मी आपला सवयीनं हसत होतो. वृषभनं कोपर मारलं तेव्हा कळलं, कुणीतरी गेल्याची बातमी चालली होती. गेलेल्याचा भाऊ समोरच बसला होता. त्यानंतर मी बस्तीत गेलो नाही, दुकानातही गेलो नाही.

तू हौसेनं गप्प बसतेस. मला बसवलंय. दोन्हीला एकच नाव देऊ नकोस, मास्तरीण आहेस.

रागानं लिहिलेलं नाही. पण वहिनी रागावलीय. मघापासून दोनदा चहा विचारला म्हणे.

तुला आशीर्वाद नेहमीचेच, त्यात कपात नाही.

तुझा,
अण्णा

*

कोल्हापूर,
२२ जानेवारी २०२५

ती. अण्णांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र चार वेळा वाचलं आणि त्या दिवशी रिक्षावाल्याशीही भांडले नाही. आमचे हे घाबरून माझा ताप बघायला लागले. चुकलं माझं. एकोणतीस वर्षं पोरांना गप्प बसवलं, पण त्यांना काय वाटत असेल ते कधी विचारलं नाही. बस्तीतली गोष्ट तुम्ही मला आधी सांगायला हवी होती. पण कशी सांगणार? फोनवर मीच ओरडत होते.

कानाचं यंत्र लावा असं मी म्हणणार नाही, ते वृषभ रोज म्हणतो. माझं एकच मागणं आहे. एक शनिवार माझ्याबरोबर वर्गाला या. तिथं कुणाचं काही ऐकावं लागत नाही. तुमच्या कानांबद्दल मी तिथं कुणाला बोललेले नाही आणि बोलणारही नाही. माझ्या बाबतीत ही मोठी गोष्ट आहे, हे तुम्ही जाणताच. पहिल्या तारखेच्या दुपारी मी स्टँडवर उभी असेन.

आलात तर लोभ वाढेल. नाही आलात तर मी कुरुंदवाडला येईन आणि आठ दिवस राहीन, हे वहिनींना वाचून दाखवा.

तुमची,
चंदना

*

कुरुंदवाड,
३ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. चंदनास,
अ. उ. आ.

स्टँडवर तुला नीट सांगता आलं नाही, गाडी लागली होती. म्हणून लिहितो.

वर्गात मी तुला हळूच विचारलं, अजून किती वेळ म्हणून. हळूच असं मला वाटलं. सगळा वर्ग दचकला आणि पुढच्या पोरीची रेघ कागदाबाहेर गेली. वाटलं, संपलं, आता खाली पाठवतील. प्रियदर्शनी आली, ओठावर बोट ठेवून हसली आणि गेली. तू तर पहिल्या दिवशी असली बोटं दहा बघितली असशील. मग मी ध्यान देऊन बघितलं. पाणी हवं असलं तर सगळे हातानं मागायचे, पंखा बंद करायचा तर मानेनं. दीड तासात तिथं मला कळलं नाही असं काही घडलंच नाही, चंदना. दोन वर्षांत हे पहिल्यांदा. माझा चौकोन अर्धाच भरला, कारण मधे थोडा वेळ मला कागद नीट दिसत नव्हता.

तू चपला शोधत होतीस तेव्हा वर्गात माझ्या शेजारी बसलेल्या मौलालींनी मला काहीतरी विचारलं. हसणार होतो. पण त्या घटकेला हसायचा कंटाळा आला. सांगून टाकलं, मला कमी ऐकू येतं. त्यांनी मोठ्यानं विचारलं, पुढच्या शनिवारी येणार का. बघू की म्हटलं.

आज सकाळी दुकानात गेलो. पहिल्याच गिऱ्हाईकानं तोंड हलवलं. वृषभ मध्ये यायच्या आत मी म्हटलं, पावणं, मला कमी ऐकू येतंय, जरा मोठ्यानं बोला. तो मोठ्यानं बोलला. त्याला भेंडीचं बी हवं होतं.

एवढंच होतं बघ.

लोभ आहे तसा असू दे, पत्रं मात्र वाढव.

तुझा,
अण्णा