चवीचे कोंबडे

१२ जानेवारी

आणली! दहा पिल्लं, महिन्याभराची. खोक्याला भोकं पाडून बसमधून मांडीवर घेऊन आलो. शेजारच्या सीटवरचा माणूस चिवचिव ऐकून उठला तो पुन्हा बसलाच नाही. बरंच झालं, ऐसपैस आलो.

हिने दारातच विचारलं, "हे काय?"

म्हटलं, "तुझं जेवण."

ही खोक्यात डोकावली. "अहो, हे जेवण ताटात येईपर्यंत मी म्हातारी होईन."

होईना का! जात दुहेरी आहे — माद्या अंड्याला, नर खायला. विकणारा म्हणाला, घाई चालत नाही, सावकाश वाढतात, पण मांस म्हणजे मांस. मी लिफ्टचा मेकॅनिक. बंद पडलेल्या लिफ्टमधली माणसं आतून बोंबलत असताना शांतपणे पाना फिरवण्यात जन्म गेला. घाई मला ठाऊकच नाही.

१३ जानेवारी

का आणली ते लिहून ठेवतो. नाहीतर मेहुणा म्हणतो तसं "दाजी रिटायर झाले आणि डोकं फिरलं" हे मलाच खरं वाटायला लागेल.

गेल्या वर्षी हिला ताप आला. ताप गेला, पण जाताना हिचं नाक घेऊन गेला. वास नाही, म्हणून चव नाही. दुसऱ्या कुणाचं गेलं असतं तर एक वेळ ठीक. पण हिचं! कारखान्याच्या कॅन्टीनचं स्वयंपाकघर जिने एकहाती चालवलं, बाहेरच्या खोलीत बसून जी ओरडायची, "कांदा करपतोय, आच कमी कर!" डॉक्टर म्हणाले, "परत येतो कधीकधी. सांगता येत नाही. जेवण मात्र सोडू नका." स्वयंपाक हिने सोडला. म्हणते, काय शिजतंय ते कळत नाही, कुणाच्या तरी पोटात भलतंच जायचं. आता मी आणि मुलगी मिळून रांधतो.

ही चार घास खाते, औषध घेतल्यासारखी. अंगठी बोटात राहीना, तिला दोरा गुंडाळलाय. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे नावं ठेवणं बंद! माझा तळाला लागलेला भात समोर ठेवला तरी "चांगलं झालंय." संसाराला इतकी वर्षं झाली, हिच्या तोंडून हे दोन शब्द कधी ऐकले नव्हते. आता दोन्ही वेळा ऐकतो.

दुकानातली कोंबडी म्हणजे ओला कापूस, हे हिचंच वाक्य. खरी कोंबडी जिभेवर ठेवली की जीभ जागी होईल. होणारच. आणि नाक कुठे लांब आहे जिभेपासून?

२० जानेवारी

खुराडं उभं राहिलं. भंगारवाल्याकडून जुन्या लिफ्टचं सरकतं जाळीचं दार मिळालं, ते बसवलं. तेल घातलं. लोण्यासारखं सरकतं! खाली भुसा, वर दिवा, उबेला. मुलगी म्हणाली, "बाबा, कितव्या मजल्यावर जाणार आहेत या?" ही हसली. किती दिवसांनी!

३ फेब्रुवारी

एक पिल्लू गेलं. सकाळी आडवं पडलेलं. बाकीची त्याच्या अंगावर उभी राहून पाणी पीत होती. उरली नऊ.

१८ फेब्रुवारी

तुरे लाल व्हायला लागले. सहा नर, तीन तलंगा. तलंगा म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या. हा शब्द हिनेच शिकवला. त्या ठेवायच्या, नर खायचे.

आज वजनं केली. कापडी पिशवीत कोंबडा घालायचा, डोकं बाहेर, आणि प्रवासाचं सामान मोजायच्या काट्याला अडकवायची पिशवी. सगळे गंभीर चेहरा करून लटकतात. पण वजन काही खास नाही. मका खातात, कोंडा खातात, घरातलं उरलंसुरलं खातात, शेजारच्या शिंप्याच्या अंगणात पडलेले दोरेसुद्धा खातात. अंगाला काही लागत नाही. मेहुणा बघून गेला. "दाजी, दुकानातल्या दोन पिढ्या एव्हाना शिजून झाल्या असत्या."

हसू दे. शिजल्यावर पहिलं ताट घेऊन तोच बसेल.

८ मार्च

सापडलं! खुराकात मांसाहार हवा. पाठीवर पिसं फुटतात ती काय कोंड्यावर? बाजारात मासळीवाली डोकी, कल्ले, आतडी बादलीत टाकते आणि ती बादली कचऱ्यात जाते. मागितली. म्हणाली, "मांजरं किती पाळलीत?" म्हटलं, "नऊ, आणि सगळी आरवतात." रोज न्यायची परवानगी मिळाली. उकडून, कुटून, कोंड्यात कालवून ठेवलं. तुटून पडले! एकमेकांच्या डोक्यावरून उड्या!

हिला सांगितलं नाही. म्हणेल, मासळीच्या दुकानासमोर बादली घेऊन उभे राहता? शोभतं का वयाला? विचारलं तर सांगायचं, खुराक आहे.

२२ मार्च

वजनं भराभर वाढतायत. मोठ्या कोंबड्याचं नाव मुलीने 'इन्स्पेक्टर' ठेवलंय. प्रत्येकाच्या भांड्यात डोकावतो आणि आता माझ्या डोक्यावर मिरे वाटायला लागलाय. आज पोटरीला चोच मारली. मार बाबा. प्रत्येक चोचीचं वजन होतंय.

२७ मार्च

लिहू की नको असं झालं, पण लिहितो.

बादलीवरचं झाकण उडालं होतं, ऊन लागून आतलं सगळं आंबलं. दुपारी शिंपी कुंपणावरून वाकला, नाकाला माप घ्यायची टेप गुंडाळलेली. "काका, काही मेलंय का हो? गिऱ्हाईक अर्धं माप देऊन पळालं!" मी धावत मागे गेलो. मला ओकारीच आली.

आणि ही बादलीच्या शेजारी खुर्ची टाकून वाटाणे सोलत बसली होती. इतकी शेजारी, की हात लांब केला असता तर लागली असती. माझ्याकडे बघून म्हणाली, "बसा ना. हवा छान सुटलीये."

म्हटलं, हो. बसलो. दोन शेंगा सोलल्या. मग आत जाऊन नळ सोडला आणि तोंड धूत राहिलो. रडलो. त्यात काय लाजायचं, इथे कोण वाचतंय.

२८ मार्च

घट्ट झाकणाची बादली आणली. खुराक चालू. रडून कोंबडे वाढत नाहीत.

१६ एप्रिल

इन्स्पेक्टर दोन किलोच्या वर! काटा दोनदा बघितला. मेहुण्याला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "पिशवीचं वजन धरलं असेल." जळतोय.

४ मे

ठरलं. शनिवारी इन्स्पेक्टर. रविवारी जेवण — मेहुणा, शिंपी, घरचे आम्ही तिघं.

हिला सांगितलं तर खुर्चीतच ताठ बसली. जुनी कॅन्टीनची बाई आत कुठेतरी शिल्लक आहे! "आदल्या संध्याकाळपासून दाणा बंद. पाणी तेवढं ठेवा. आणि कापला की लगेच चढवू नका, चामडं होतं. रात्रभर फ्रिजमध्ये पडू दे, अंग सैल होऊ दे." मी म्हटलं, "मग तूच शिजव." तर पुन्हा मावळली. "नाही हो. मला काय कळणार? तुम्हीच करा, चांगलंच होईल."

चांगलंच होईल! बघतो आता.

९ मे

केलं. चिकनवाल्याला बोलावणार होतो, पण आपण वाढवलेला आपणच कापावा असं वाटलं. इन्स्पेक्टरला काखेत धरलं, तो शांत झाला. सुरीला धार होती. एका झटक्यात झालं. नंतर हात दोनदा साबणाने धुतले.

पिसं काढताना हिने लांबून सूचना दिल्या — "पाणी उकळतं नको! पिसांबरोबर कातडी येईल!" कातडीखाली चरबीचा पिवळा थर. असा थर दुकानात दाखवा म्हणावं! त्याच्याकडे बघून खरं म्हणजे वाईट वाटायला हवं होतं. मला अभिमानच वाटला.

१० मे

जेवण झालं.

रस्सा मीच केला. मुलीने वाढलं. मेहुण्याने पहिला घास घेतला, थोडा थांबला, म्हणाला, "वा दाजी. वेगळंच." शिंपी म्हणाला, "फारच वेगळं," आणि त्याला एक अर्जंट शिवण आठवलं. मुलगी आज भातच खात होती, डाएट म्हणे. मलाही चव जरा निराळी लागली. पण खरी कोंबडी अशीच लागत असणार, आपल्याच जिभांना कापसाची सवय. मी दोनदा घेतलं.

लक्ष सगळं हिच्याकडे. हिने एक फोड तोंडात घातली. चावली. माझ्याकडे बघितलं. पुन्हा एक घास. मी पाण्याचा ग्लास हातात तसाच धरून बसलेलो. मग ही म्हणाली,

"चांगलं झालंय."

आणि ताट बाजूला सारलं.

मेहुणा जाताना पाठीवर थाप मारून गेला, एक शब्द टोचून बोलला नाही. त्यावरूनच समजलं मला, माझं तोंड कसं झालं असेल ते. इतके महिने मका दळला, बादल्या वाहिल्या, स्वतःच्या हाताने कापला. हरलो. उरलेल्या पाचांचं काय करायचं? विकून टाकीन.

११ मे

सकाळी उठलो तर ही स्वयंपाकघरात. कालच्या पातेल्यावरचं झाकण हातात.

"अहो, काय चारलंत त्या कोंबड्याला?"

"खुराक."

"मासळी चारलीत! अहो, कापायच्या आधी दोन-तीन आठवडे मासळी तोडायची असते. अख्ख्या मांसाला वास मारतोय! काल घास घेतला आणि वाटलं, मला भास होतोय, म्हणून गप्प बसले. आता पातेल्यात नाक घालून बघते तर, शी! हे माणसांना वाढलंत तुम्ही? माझ्या भावाला?"

मी म्हटलं, "पुन्हा बोल."

"काय पुन्हा बोल? घाण झालंय! कांदासुद्धा कच्चा, त्याचा वेगळा—"

आणि बोलता बोलता थांबली. माझ्याकडे बघितलं. मग तिथेच फरशीवर बसली, पातेलं मांडीत घेऊन, आणि पुन्हा पुन्हा वास घेत राहिली.