दोन खरादी आणि एक उत्तर

प्रिय खुशबू,

पत्र पाहून हसशील. फोनवर हे मला बोलताच आलं नसतं.

मी खरादकाम शिकतेय. बाबांचं लाखनीतलं दुकान तुला माहीतच आहे. फिरत्या लाकडावर पटाशी धरून पलंगाचे पाय, लाटणी काढतात ते. मला वाटलं, तेच शिकवतील. पण ते म्हणाले, "माह्यापाशी शिकशीन तं माह्याच चुका शिकशीन. दुसऱ्याचं काम पाय." म्हणून आधी अड्याळला टेकचंदकाकांकडे नेलं. ते म्हणाले, पटाशीची मूठ खाली धर, लाकूड आपोआप सोलून निघतं. जमायला लागलं. मग लाखांदूरला इश्वरकाकांकडे गेलो. त्यांनी माझा हात पाहिला आणि ओरडले, "अवं, मूठ वर उचल! कोनं शिकवलं तुले?" आता घरी मशीनसमोर उभी राहिले की हात खाली नेऊ की वर, हेच कळत नाही. बाबांना विचारलं तर म्हणतात, "दोघंबी बरोबर हायेत." मग मी काय करायचं गं?

लाखांदूरला इश्वरकाकांचा मुलगा कैलाश पण मशीनवर असतो. एकदा माझी पटाशी अडकली आणि लाकूड उडून भिंतीवर आदळलं. त्याने धावत येऊन मशीन बंद केली. लाकडाकडे पाहिलंच नाही, आधी माझी बोटं पाहिली. मग लाकडातली गाठ दाखवून म्हणाला, "इथं घाई नाही करायची." त्या दिवशी निघताना त्याच्या आईने, ताराबाईंनी, कुंकू लावून ब्लाऊजपीस दिला. एसटीत मी बाबांना विचारलं, "हे शिकणं होतं का पाहणं?" बाबा खिडकीबाहेरच्या धानाकडे वळले. मग म्हणाले, "नेलं तं शिकायलेच होतं, बाई. पन पोरगं बरं वाटलं मले."

मी चिडले, दोन दिवस बोलले नाही. मग कैलाशलाच फोन करून विचारलं, लग्नानंतर मला खराद चालवू द्याल का? तो म्हणाला, "मशीन एकच हाये. भांडावं लागन." मला हसू आलं, खुशबू. आता मला तो आवडतो की त्याचा खरादावरचा हात, तेही सांगता येत नाही. आई म्हणते, एवढा विचार कायले करतेस?

परवा पुन्हा लाखांदूरला गेले होते, या वेळी एकटीच. ताराबाई चहा देताना सहज बोलून गेल्या, "मागच्या साली तुमच्याच लाखनीची पोरगी पाहिली होती. नागपुरात नर्सिंग करते, खुशबू नावाची. पोराले पसंत होती. तिनंच नाही म्हटलं, काहून ते सांगतलंच नाही." कप माझ्या हातातच राहिला. तू मला कधी एका शब्दाने बोलली नाहीस. बाबांना या रविवारी इश्वरकाकांना उत्तर द्यायचं आहे. मी त्यांना सांगितलं, खुशबूचं पत्र आल्याशिवाय मी हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही. त्याच्यात काही वाईट असेल तर लिही. शिक्षणासाठी नाही म्हणाली असशील आणि तो अजून मनात असेल, तर तेही लिही. खराद शिकायला मला अजून खूप दुकानं आहेत. फक्त मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस.

तुझीच,
अंजू