मेल्चोराच्या परीक्षेला सगळे बसले

दादा,

परीक्षक बाईंनी चष्मा पुसला आणि रुफिनो अंद्रांगोचा पेपर पुन्हा मोठ्याने वाचला: "माझा नवरा वारल्यापासून मी शीतगृहात उभी आहे." रुफिनो मिशीला हात लावून खाली बघत होता. वर्ग जेवत होता. (मीही.)

असो. आधी नमस्कार घे. वहिनींचा खोकला कीटोच्या हवेत कमी झाला असेल, अशी आशा आहे. आई ठीक आहे. कायांबेचा डोंगर ढगात गेला की तिचे गुडघे दुखतात, बाहेर आला की कंबर. पत्र लिहायला तसे खास कारण नाही.

तुझ्या कचेरीने मानवी भांडवलात गुंतवणूक करायचे ठरवले आणि गुलाबांच्या मळ्यावर माझा संध्याकाळचा लिहिण्या-वाचण्याचा वर्ग उघडला. माणसे नियमाने आली. (पॉलीहाऊसमधून थेट येत, त्यामुळे शाश्वत विकासाला गंधकाचा वास असे.) परीक्षेत पहिला येईल त्याला पॅकिंगची मुकादमी, हा नियम तुझाच. ती विधवा मेल्चोराला हवी आहे, हे सगळ्यांना ठाऊक होते. शीतगृहात जुड्या उचलून तिची बोटे वळेनाशी झाली आहेत. डॉक्टर म्हणतात थंडीतून बाहेर पड, आणि मळ्यावर बाहेर पडायला तेवढी एकच जागा आहे. अभ्यासही तिनेच सर्वांत जास्त केला.

परीक्षा म्हणजे काय, हे सांगायचे मात्र माझ्याकडून राहिले. पाटाचा गाळ काढायला सगळ्या गावाची मिंगा भरते तशी माणसे आली: बटाट्यांचे पातेले, उकडलेला मका, तिखट आणि मदतीला दोन सासवा. परीक्षक साल्दुम्बिदेबाई फोनला रेंज शोधत टेकाडावर गेल्या. मेल्चोराचे सर्वांत आधी लिहून झाले. मिंगेत आपला तुकडा उरकला की माणूस शेजारच्याच्या तुकड्यावर जातो. फावडे खांद्यावर टाकून घरी जात नाही. ती शेजारच्या बाकावर जाऊन तिथला पेपर समजावत पुरा करू लागली. मग पुढच्या. बाई परतल्या तेव्हा सगळे जेवत होते आणि पेपर नीट रचून ठेवले होते.

"हे कुणी लिहिलं?"

"आम्ही," रुफिनो म्हणाला.

"तुम्हांला नवरा होता?"

"नाही बाई. पण वाक्य चांगलं होतं."

"मग पहिलं कोण आलं?"

"सगळेच आलो की! वाईट झालं का?"

पहिला एकच येतो, हे तेव्हा मेल्चोराच्या लक्षात आले. तिने हात शालीत घेतले. उद्या सकाळी पुन्हा परीक्षा, प्रत्येकाला वेगळे पॉलीहाऊस, नापासाला प्रमाणपत्र नाही, असे सांगून बाई बटाटे न खाता गेल्या. मी मेल्चोराला विचारले, "अगं, तू थांबली का नाहीस?" ती म्हणाली, "त्यांचं अर्धंच झालं होतं, मास्तर."

बाकी सर्व क्षेम. आई आशीर्वाद सांगते.

तुझा,
एर्मेल

ता.क. खास कारण नाही असे वर लिहिले आहे, ते खरे नाही. पत्र मिळताच बाईंना फोन कर आणि मुकादमी मेल्चोराला उद्याचा निकाल न बघता द्यायला सांग. आता तिने शिकवलेले सगळ्यांना येते, आणि त्यात वर्गातली नेली तिच्यापेक्षा भरभर लिहिते. नेलीला प्रमाणपत्र हवे आहे. रुफिनोलाही हवे आहे. त्याने भिंतीत खिळा ठोकून ठेवला आहे.

ता.क. २ (दुसऱ्या दिवशी सकाळी). वरची विनंती रद्द समज. सगळे वेगवेगळ्या पॉलीहाऊसमध्ये बसले, कुणी कुणाशी बोलले नाही. मेल्चोराने पानाच्या दोन्ही बाजू भरल्या. बाकीच्यांनी नाव घालून कोरे पेपर दिले. पास एक. अहवालात गुंतवणुकीपुढे काय लिहायचे, ते तू बघ. बाईंनी कारण विचारले. रुफिनो म्हणाला, "अवघड होता."